अबईचं पीठ

सौदामिनीने पदराच्या टोकाने प्रेमलाचे ओठ पुसले आणि मान वर केली, तर मामंजी तिच्याकडेच बघत होते. झालं ते एवढंच. सकाळची वेळ, गिरणीचा भोंगा नुकताच वाजून गेलेला, ओसरीवर ऊन अजून पोचलेलं नव्हतं. वसंतरावांनी नातीला उचलून आधी गालाला, मग ओठांना ओठ लावले होते, 'माझी खडीसाखर, माझं बत्तासं' म्हणत, आणि पोर परत आईच्या मांडीवर आली तेव्हा तिच्या हनुवटीवर त्यांच्या थुंकीचा पातळ ओलावा चमकत होता. हात आपोआप गेला. एकदा पुसून ती थांबली असती तर पोरीची लाळ टिपली असंही म्हणता आलं असतं. पण तिने पदराची कोरडी बाजू शोधून पुन्हा पुसलं, आणि मग तो पदराचा शेव स्वतःच्या अंगापासून जरा लांब धरला. हे लांब धरणं त्यांनी पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हवा गार आहे आज. टोपडं बांध तिला."

कालपर्यंत असं झालं असतं तर त्याला काही निमित्त तरी असतं. कालपर्यंत ते आजारी होते. दिवाळीनंतर त्यांचा चेहरा सुजायला लागला, सकाळी उठले की डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबत, अंगाला खाज सुटे, अन्न नको वाटे. शिवमूर्ती डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत रक्त-लघवीच्या तपासण्या रेणुकादासच करी. रेणुकादास म्हणजे सौदामिनीचा नवरा आणि वसंतरावांचा एकुलता मुलगा. त्यामुळे बापाच्या रक्तातला युरिया लेकानेच मोजला. फार निघाला. मूत्रपिंडं थकलीत, डॉक्टर म्हणाले. डाळ बंद, दूध बंद. भात, साबुदाणा, गूळ आणि तूप यांवर माणूस ठेवला. नातीला जरा दुरूनच खेळवा, असं रेणुकादास एकदा खाली बघून म्हणाला, तेव्हापासून वसंतराव तिला दुरून टाळ्या वाजवून दाखवत. दोन महिने असे गेले, आणि काल संध्याकाळी रेणुकादास सायकल पायरीला तशीच टेकवून, चपला न काढता आत आला. "दादा, रक्त सुधारलं तुमचं. तिशीत आलं, तिशीत. माझंसुद्धा एवढंच निघेल." आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई कस्तुराबाईंनी, देवापुढे साखर ठेवली, आणि त्याच दमात परवाचा दिवस प्रेमलाच्या उष्टावणाला पक्का करून टाकला. आज सकाळचा मुका म्हणजे त्या सुटकेचा पहिला हक्क होता. कोर्टाने निर्दोष सोडलेला माणूस घरी यावा आणि सुनेने त्याच्या तोंडावर दार लोटावं, तसं तिने केलं होतं.

पण वास होता. रक्त तिशीत आलं तरी वास होताच. चुलीपुढे बसून तिने स्वतःला दहादा बजावलं की तो आता नसला पाहिजे, मग तो आहे कसा? बाळंतपण आटोपून जळकोटहून ती नांदेडला परत आली, वाकून मामंजींच्या पाया पडली आणि त्यांनी 'सुखी राहा' म्हटलं, तेव्हा त्या दोन शब्दांबरोबर तो पहिल्यांदा तिच्या नाकात शिरला. कोंडलेल्या मोरीसारखा, उग्र, डोळ्यांच्या कोपऱ्यांत टोचणारा. आणि त्याच्या आत, खोल, तांब्याचा पैसा जिभेवर धरल्यावर लागते तसली एक कडवट चव. वासाला चव असते हे तिला तेव्हा कळलं. मग तो घरभर तिच्या मागे लागला. त्यांच्या उशीच्या अभ्र्याला, पाणी पिऊन ठेवलेल्या फुलपात्राच्या काठाला, ते वाचून ठेवत त्या वर्तमानपत्रालासुद्धा. फुलपात्र ती राखेने घासायची, मग चिंचेने घासायची, मग पुन्हा राखेने. आत्याबाई ते बघत. "नाक आहे का कोतवालाचं कुत्रं? आम्हाला नाही येत तो हिला येतो." धुण्याला येणारी गुणाबाई दगडावर दुपटी आपटत मध्येच म्हणायची, "लई नाजूक नाक हाय बाई तुमचं. आमच्यात पाठवा आठ दिस. म्हशीच्या गोठ्यात निजल्या का समदं बसतंय जागेवर." त्या दोघी हसत. सौदामिनीही हसे. रेणुकादास एकट्यात म्हणायचा, "बाळंतिणीला वास जास्त येतात. जाईल." तो स्वतः दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्या नाकापुढे धरणारा, त्याच्या नाकाचा काय भरवसा द्यायचा.

ह्याहून वाईट गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नव्हती. जेवताना मामंजींच्या ताटात जे उरे ते आत्याबाई खात. लग्न झाल्यापासून खात आल्या होत्या. त्यांनी अर्धवट चावून बाजूला ठेवलेली लिंबाच्या लोणच्याची फोड त्या उचलून तोंडात टाकत, बोट चाटत, आणि समोर बसलेल्या सौदामिनीच्या पोटातून काहीतरी वर चढून गळ्याशी येऊन थांबे. ती मान खाली घालून भात कालवत राही. हे प्रेम आहे, ती मनाशी म्हणे. असंच असतं ते. तुला नाही जमत. आणि मग परवाचं उष्टावण डोळ्यांपुढे उभं राही. इतरांकडे सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतात. ह्या घरची रीत निराळी. आजोबा खिरीचा पहिला घास स्वतःच्या तोंडात घेतात, घोळवतात, आणि त्यातलं शीत आपल्या जिभेवरून काढून नातवंडाच्या जिभेवर ठेवतात. म्हाताऱ्याचं आयुष्य पोराला लागतं म्हणे. रेणुकादासला असंच भरवलं होतं, त्याच्या बापालाही. आत्याबाईंनी हे सांगितलं तेव्हा सौदामिनी प्रेमलाला पाजत होती, आणि तिच्या अंगावर असा काटा आला की पोरीने दूध सोडून वर बघितलं.

पोरीचं ते वर बघणं. दुधाने ओठ पांढरे, एक थेंब हनुवटीच्या वळीत अडकलेला. तिच्या बाबतीत सौदामिनीला कशाचीच किळस येत नव्हती, आणि हेच तिला कोडं वाटायचं. रात्रभर ओल्यात निजून सकाळी प्रेमलाचं दुपटं सोडलं की जी वाफ उठे ती डोळ्यांतून पाणी काढणारी असे. नीट हुंगलं तर वास तोच. अगदी तोच, तीच टोचणी, तोच कोपऱ्यातला चावरेपणा. पण तिथे सौदामिनी नाक खुपसायची. लालसर झालेल्या त्या इवल्या मांड्यांच्या वळ्यांत तोंड घालून ती खोल श्वास घ्यायची, आणि प्रेमला खिदळून तिच्या केसांना लोंबकळायची. खोबरेल लावताना, पावडर उडवताना, कुणी येत नाही ना हे बघून ती त्या पावलांना, टाचांना, बोटांच्या बेचक्यांना तोंड लावे. माझ्याच अंगातून निघालेलं आहे म्हणून असेल. मग मामंजी ज्यांच्या अंगातून निघाले त्यांनी कधी असंच त्यांना हुंगलं असेल. त्या बाईचा फोटोसुद्धा घरात नव्हता. एक वास, आणि त्याला कवटाळणारं माणूस मरून गेलं की तो नुसता घाण उरतो, असा एक विचार तिला कधी तरी दुपटी वाळत घालताना आला होता, आणि तिने तो दोरीवरच सोडून दिला होता.

हा वास कशाचा ते तिला माहीत होतं. घरात ते तिलाच धड माहीत होतं, कारण नवऱ्याने हौसेने दाखवलं होतं. ती पोटुशी होती तेव्हाची गोष्ट. जळकोटला जायच्या आधीची. रेणुकादासने एका पेल्यात कुणाची तरी लघवी आणली, मुंबईहून आलेल्या बाटलीतलं चिमूटभर पीठ तीत टाकलं, पेला चुलीच्या उबेला ठेवला आणि थोड्या वेळाने तिच्या नाकाशी धरला. "आता बघ." वाफेचा एक सुराच आत शिरला. "डाळ, दूध, मांस जे काही खातो ते अंगात जळून युरिया उरतो. तो मुतावाटे जातो. ह्या पिठात एक द्रव्य आहे, ते युरियाला फोडतं, अन अमोनिया सुटतो. अमोनिया मोजला की युरिया किती ते कळतं. इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, आम्हाला हैदराबादला उर्दूत खामरा शिकवला. ह्याचं नाव युरिएज. काय जादू आहे बघ, सौदामिनी, नुसतं शेंगेतल्या दाण्याचं पीठ!" तो इतका आनंदात होता की ती बोलली नाही, परसात गेली आणि ओकली. मग मागून येऊन त्याने तिची पाठ चोळली आणि चोळता चोळता सांगितलं की हा खामरा काही शेंगेतच असतो असं नाही, जंतूंपाशीही असतो. मोरीत असतात ते जंतू, दुपट्यात असतात, आपल्या तोंडातसुद्धा असतात. "आपल्या तोंडात?" "हो, पण आपल्या थुंकीत युरिया असतोच किती. म्हणून वास येत नाही." तेव्हा तिला ते ऐकायचं नव्हतं. आता ते शब्द घरात उंदरासारखे फिरत. तोंडात खामरा असतो. थुंकीत युरिया वाढला की वास येतो. म्हणजे तिचं नाक शिवमूर्ती डॉक्टरांच्या मागच्या खोलीत जे चालतं तेच करत होतं, फक्त आकड्यांशिवाय.

पहिल्या तपासणीनंतर मुंबईची बाटली संपली, आणि लढाईमुळे दुसरी येईना. दोनदा लिहूनही येईना. डॉक्टर म्हणाले, मास्तरांचं रक्त पुन्हा बघायला हवं. (वसंतराव मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, हिशेब शिकवत, पेन्शन घेऊन वर्षं झाली तरी गाव त्यांना मास्तरच म्हणे.) तेव्हा रेणुकादासला आठवलं की हे पीठ अबईच्या जातीच्या शेंगेपासूनच करतात, आणि सौदामिनीला आठवलं की जळकोटला आईच्या कुंपणावर अबईचा वेल आहे. हातभर लांब, तलवारीसारख्या वाकड्या शेंगा. कोवळ्या असताना भाजी, जून झाल्या की पोरींना खेळायला खुळखुळे. वेलाच्या पलीकडेच गोठा होता. उन्हाळ्याच्या दुपारी गोठ्यातल्या मुताच्या थारोळ्यावरून येणारं वारं आणि वेलाचा हिरवा कोंदट वास एकत्र होऊन येत, आणि लहानपणी त्याच सावलीत ती भातुकली मांडायची, पोटभर जेवायची, काही वाटायचं नाही. भावाने मोटारीने पिशवीभर जून दाणे पाठवले. पांढरे, टणक, अंगठ्याच्या पेराएवढे. "चांगले वाळव आणि मैद्यासारखं बारीक दळून दे," एवढंच सांगून रेणुकादास दवाखान्यात निघून गेला.

टरफलं निघेनात. तिने दाणे उन्हात घातले, पाट्यावर रगडले, तरी बोटाला चिकटलेल्या नखासारखी ती टरफलं तशीच. आणि फुटलेल्या दाण्यांतून कच्च्या बियांचा असा दर्प सुटला, मातकट आणि चिकट, की हे पीठ लवकरच कुणाच्या तरी रक्तात कालवलं जाणार ह्या विचाराने तिचे हात थांबले. मग तिने केलं ते जळकोटची कुठलीही बाई करते ते. हुलगे असोत, मूग असोत, दळण्याआधी जे करतात ते. तवा ठेवला, मंद जाळावर दाणे हलवत बसली, टरफल तडकून सुटेपर्यंत. दर्प गेला, शेंगोळ्यांच्या पिठासारखा खमंग, घरगुती वास आला, आणि तिला बरं वाटलं. चोळून, पाखडून, जात्यावर दळून वस्त्रगाळ पीठ तिने बरणीत भरून दिलं. "वा," रेणुकादास म्हणाला, "मुंबईच्या पिठापेक्षा बारीक." तिला तेव्हा अभिमानच वाटला होता. बायकांचं दळण कधी नव्हे ते दवाखान्यात गेलं.

दुपारी ताटं वाढली तेव्हा आत्याबाई घरात नव्हत्या. परवाच्या उष्टावणाचं बोलावणं करायला गल्लीत हिंडत होत्या. प्रेमला पाळण्यात निजली होती. बापलेक पाटांवर समोरासमोर बसले, आणि दोन महिन्यांनी वसंतरावांच्या ताटात तुरीचं वरण पडलं. त्यांनी भाताचं आळं केलं, वरण आत ओतवून घेतलं, तूप सोडलं, आणि जेवायच्या आधी नुसतं बघत राहिले. सकाळी टोपडं बांध म्हणाल्यापासून ते सौदामिनीशी एक शब्द बोलले नव्हते; तिच्याकडे बघतही नव्हते. ती वाढायला वाकली की मान दुसरीकडे वळवत, आणि तिला कळत होतं की ते तिच्यावर रागावून मान वळवत नाहीत. ते तोंड वळवत होते.

"काय रे रेणू," ते जेवता जेवता म्हणाले, "एवढं हैदराबादला ठेवून शिकवलं तुला, ते ह्यासाठीच का? बापाचं रक्त काढायचं अन शेंगेच्या पिठात कालवायचं?"

"हसा हसा. त्या पिठानंच वरण दिलं तुम्हाला आज."

"ते पीठ नाही म्हणत मी वाईट. आमच्या सुनेनं दळलेलं आहे." हे त्यांनी ताटाकडे बघून म्हटलं.

"चांगलंच आहे. जरा सुस्त आहे, वास तितका मारत नाही, पण आकडे येतात. आता शहाबादी फरशीखाली पुरून ठेवतो ती बरणी. ह्या खामऱ्याला उष्णता सोसत नाही. नाजूक काम असतं. ऊन जास्त लागलं तरी अशक्त होतो, जाळ लागला तर मरतोच. मग कितीही युरिया असू दे, फोडणार कोण?" त्याने ताक मागितलं. तिने ताक वाढलं. "पण ह्या पिठानं कामं होऊन राहिली. कालच एक मुखेडचा शेतकरी आला होता, शेषेराव म्हणून. पाय हे असे सुजलेले. डॉक्टरांना वाटत होतं मूत्रपिंडंच गेलीत. रक्त बघितलं तर साफ. म्हटलं जा बाबा, पायांना वाटेल तेव्हा तेल चोळ, अन खा काय खायचं ते. बिचारा पाया पडायला लागला माझ्या."

तो उठला, हात धुतले, पुढच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवा झाला. वसंतराव सावकाश जेवणारे. त्यांचं अजून अर्धं ताट होतं. सौदामिनी वरणाचं पातेलं आणि पळी घेऊन, भिंतीला टेकून, वाढणाऱ्या सुनेने उभं राहावं तशी उभी होती. तवा. मंद जाळ. तडकणारं टरफल. ती काही मोठी शिकलेली नव्हती, पण एवढा हिशेब तिला आपोआप सुटला. सगळा खामरा मेला नसेल, अर्धमेला उरला असेल, आणि त्या अर्धमेल्याने जेवढं फोडलं तेवढंच नवऱ्याने मोजलं. तीस. सगळ्यांना हवा होता तेवढाच आकडा. आणि ह्या कळण्याबरोबर, भीतीच्याही आधी, दुःखाच्या कितीतरी आधी, तिच्या छातीत एक उकळी फुटली. ती उकळी आनंदाची होती. माझं नाक खरं. मी वेडी नाही, खोटी नाही, दुष्ट सून नाही. ते सडताहेत. आतून सडताहेत, आणि मी पुसलं ते बरोबर पुसलं. परवाचं टळलं. क्षणभरच, पण ती तिला स्पष्ट दिसली, तव्यावर उलटलेल्या झुरळासारखी पाय हलवत असलेली ती खुशी. मग तिला स्वतःचा असा वास आला की त्यापुढे मामंजींचा काहीच नव्हता. पदराला लागलेल्या दुधाचा आंबूस, काखेतल्या घामाचा, भाजलेल्या दाण्यांचा. कुठला ते सांगता येईना. समोर माणूस दोन महिन्यांनी वरण-भात जेवत होता, डोळे मिटून, घास गालात फिरवत, आणि आपण त्याच्या मरणावर खूश झालो.

न बोलण्याचे मार्ग बरेच होते. बरणी फोडून टाकायची, हातातून निसटली म्हणायचं. भावाला पुन्हा दाणे पाठवायला सांगून ह्या वेळी कच्चे दळायचे. आठ-पंधरा दिवसांनी आकडा पुन्हा चढेल, घर म्हणेल पथ्य सुटलं म्हणून वाढलं. तोवर ते वरण खातील, पोरीचा मुका घेतील, परवा खिरीचं शीत आपल्या जिभेवरून तिच्या जिभेवर ठेवतील. तोवर मुखेडला तो कुणी शेषेराव डाळीत भाकरी चुरून खाईल, डॉक्टरांना दुवा देत. ती कुणाचीही बाजू घेऊन विचार करायला लागली की शेवटी तिथेच येई: बोललं तर मी ह्यांना मारते, नाही बोललं तर मीच ह्यांना मारते, आणि दोन्हीत माझाच फायदा कुठे आहे हे मला आधी दिसतं. प्रेमला झोपेत कण्हली. छातीत दूध उतरल्याची सुई टोचली. वसंतरावांनी शेवटची शितं गोळा करायला घेतली.

"मामंजी."

"हं."

"ते पीठ मी भाजून दळलं होतं."

त्यांची बोटं ताटात थांबली. "कोणतं?"

"अबईचं. टरफलं निघेनात, वासही येत होता. तव्यावर परतून घेतलं. मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी वर बघितलं. हिशेब शिकवणाऱ्या माणसाला मधली पायरी लागत नाही. पुढच्या खोलीच्या दाराकडे त्यांची नजर गेली आणि परत आली. "रेणूला सांगितलंस?"

"नाही."

"तुझ्या आत्याबाईला?"

"कुणालाच नाही. मलाच आत्ता कळलं. ते बोलले तेव्हा."

मग त्यांच्या खांद्यांतून हसू गेलं. "म्हणजे आमचं रक्त तव्यावर सुधारलं." ती हसली नाही. त्यांनी डाव्या हाताने चष्मा वर सारला. "खरं सांग पोरी. तुला वास येतो का?"

नाही म्हणणं जिभेवर तयार होतं. ह्या घरातल्या सगळ्या चांगल्या माणसांनी ते म्हटलं होतं. "येतो," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्तापण."

"मलाही येतो." ते हलक्या आवाजात बोलत होते, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराशी बोलावं तसे. "कूस बदलली की उशीतून माझाच मला येतो. तुझ्या आत्याबाईला विचारलं, ती म्हणते कुठं काय. रेणूला विचारलं, तो म्हणतो दादा, मनाचे खेळ आहेत. काल तर कागदावर आकडाच दाखवला त्यानं. मला वाटलं, झालं, डोकं फिरलं आपलं. सकाळी पोरीला घेतलं ते काय नुसतं मायेनं घेतलं का? बघत होतो. कुणी तरी नाक मुरडतं का बघत होतो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तू पुसलंस. चला, म्हटलं, वेडा तर नाही मी."

आता आपल्याला काही तरी वाटायला हवं, मन हलकं व्हायला हवं, ह्या माणसाजवळ बसावंसं वाटायला हवं, असं सौदामिनीला वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर तो वास येत होता, ताज्या वरणाच्या हिंगातून वाट काढून येत होता. फक्त तिने मान वळवली नाही. ती खाली बसली.

"वरण आहे का अजून?"

"आहे. पण..."

"वाढ."

"मामंजी, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांच्या हिशेबानं अजून तिशीत आहे मी. हे ताट आहे तोवर. वाढ."

तिने पळी भरली. विष वाढतो आहोत हे ठाऊक असून तिने ती काठोकाठ भरली, भातावर ओतली, तूप सोडलं, आणि त्यांनी मिठाकडे बोट केलं तेव्हा मीठही वाढलं. ते जेवले. घासाघासाला आवाज होत होता, मिशीला वरण लागत होतं, सुजलेल्या बोटांवरून ते मनगटाकडे ओघळत होतं आणि ते जिभेने टिपत होते. असं जेवणारा माणूस तिला कधीच बघवला नसता. ती बघत होती. मधेच ते म्हणाले, "परवा खीर तुझ्या भावाला भरवू दे. अंगठीनं. रीतीचं तुझ्या आत्याबाईशी मी बोलेन, तू त्यात पडू नकोस. तुझं नाव निघता कामा नये." आणि थोड्या वेळाने, "पिठाचं मात्र तुलाच सांगावं लागेल. ते मी सांगितलं तर तो म्हणेल, दादांच्या मनातून तो वास जाईना म्हणून भ्रम होतोय."

"सांगते."

"ओरडेल."

"ओरडू दे."

त्यांनी ताटात काही उरू दिलं नाही. बोटाने कडा निपटून घेतल्या, आत्याबाईंसाठी शीतही ठेवलं नाही. हात धुवायला उठताना त्यांचा तोल जरा गेला, तेव्हा तिने दंड धरला. दंड गार होता आणि घाम सुकून उरलेलं पांढरट भुकटीसारखं काही तिच्या तळव्याला लागलं. ती ते धरून राहिली, कारण सोडलं असतं तर ते पडले असते. मोरीपाशी चूळ भरून ते म्हणाले, "तो मुखेडचा कालच गेला ना?"

"हो."

"मग उभी काय राहिलीस?"

पुढच्या खोलीत रेणुकादास झोपला होता. वर्तमानपत्र छातीवर सरकलं होतं, तोंड उघडं होतं, आणि काल त्याने कमावलेलं समाधान चेहऱ्यावर तसंच होतं. पाळण्यात प्रेमला जागी होऊन पाय नाचवत होती. भूक लागली होती, पण रडली नव्हती अजून. सौदामिनी आधी तिच्याकडे वळली, थांबली, आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "अहो, उठा. त्या मुखेडच्या माणसाला परत बोलवावं लागेल."